हे कधीचं?

फ्रँकफुर्टला उतरल्यावर आम्ही सगळ्यात आधी पाहिलं ते केल्स्टरबाख. विमानतळाच्या पोटातल्या स्टेशनावरून शहराकडे जायचं सोडून मी मावशीला उलट्या दिशेच्या गाडीत चढवलं आणि पाच-सात मिनिटांत आम्ही एका झोपाळू गावाच्या फलाटावर उभे होतो. शनिवार, सकाळचे पावणेआठ. फलाटावर आम्ही दोघं आणि सायकल धरून उभा असलेला एक म्हातारा. मावशीनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "अरे, बँकांचं शहर म्हणालास ना? फारच शांत आहे."

चूक माझीच. तिथल्या लोकलला एस-बान म्हणतात. आठ आणि नऊ नंबरच्या गाड्या विमानतळावरून दोन्हीकडं जातात, आणि मी नंबर बघून चढलो. बघायचं असतं शेवटच्या स्टेशनाचं नाव. ऑफेनबाख किंवा हानाउ असेल तर गाडी शहरात जाते, वीसबाडेन असेल तर शहराला पाठ करून. शिवाय आमचं तिकीट होतं फ्रँकफुर्ट आणि विमानतळ एवढ्यापुरतं. केल्स्टरबाख त्याच्या हद्दीबाहेर. तिकडं स्टेशनावर फाटकं नसतात, कुणी अडवत नाही. पण डब्यात तपासनीस आला आणि तिकीट बरोबर नसलं तर साठ युरो. परतीची गाडी येईपर्यंत मी मशीनवर दुसरं तिकीट काढत होतो आणि मावशी बाकावर बसून गुडघा चोळत होती. त्या दिवसाचं तिचं हे पहिलं बाक.

मावशी सासवडच्या शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवायची. आता सत्तरीची आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने बॉस्टनला होती. मी ऑफिसच्या कामानं न्यू जर्सीत होतो, म्हणून परतीचं तिकीट एकत्र काढलं. त्यातलं स्वस्तातलं तिकीट असं की फ्रँकफुर्टला सकाळी पावणेसातला उतरायचं आणि पुढचं विमान संध्याकाळी पावणेसहाला. अकरा तास. बहिणीचं म्हणणं, आईला लाउंजमध्ये बसव, खायला-प्यायला घाल, झोपू दे. पण आदल्या जूनमध्ये आम्ही सगळे स्वित्झर्लंडला जाऊन आलो होतो आणि तेव्हा मिळालेला शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, वर्षभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा होता. तो संपायला तीन आठवडे उरले होते. भारतीय पासपोर्टवर हा व्हिसा नसेल तर विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा असून इथं काही भागत नाही. आपल्याकडं आहे, तर वाया कशाला घालवायचा, असा शुद्ध मध्यमवर्गीय विचार करून मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "फ्रँकफुर्ट म्हणजे गटेचं, त्या जर्मन कवीचं गाव ना? मग बसून काय राहायचं?"

इमिग्रेशनच्या खिडकीतल्या तरुणानं विचारलं, कशासाठी बाहेर जाताय. मावशीनं इंग्रजीत ठणठणीत उत्तर दिलं, गटेचं घर बघायला. त्याला कळेना. मी कागदावर नाव लिहून दाखवलं तेव्हा तो हसला, स्वतः उच्चारून दाखवला, साधारण 'ग्योट' आणि 'ग्योटऽ' यांच्या मधला काहीतरी, आणि शिक्का मारला. मावशीनं दिवसभर तो उच्चार अजिबात वापरला नाही.

माझ्या फोनमध्ये चौदा ठिकाणांची यादी होती. विमानतळावर तीन तास आधी परत यायचं ठरवलं होतं, म्हणजे हातात आठ ते दोन. मोठं सामान थेट मुंबईला जाणार होतं, हातातल्या दोन चाकांच्या बॅगा मुख्य स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाकल्या. हे मात्र शहाणपणाचं केलं. जुन्या भागात सगळीकडं दगडी फरसबंदी आहे आणि तिच्यावरून बॅग ओढायची म्हणजे बॅगेची चाकं तरी जातात, नाहीतर आपला खांदा. स्टेशनात स्वच्छतागृहाला एक युरोचं नाणं लागतं. मावशीनं त्याचे रुपये करून बघितले आणि हे गणित पुन्हा करायचं नाही असं आम्ही ठरवलं.

स्टेशनाबाहेर आलो तेव्हा तिनं वळून वर पाहिलं. दर्शनी कमानीच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल खांद्यावर घेतलेला ॲटलास आहे. "शेषाच्या जागी माणूस उभा केलाय यांनी," ती म्हणाली. मग विचारलं, "हे कधीचं?"

१८८८ चं, मी वाचून आलो होतो. तिनं मान हलवली. हा प्रश्न ती दिवसभर विचारणार होती, आणि पहिल्यांदाच मिळालं तसं सरळ उत्तर नंतर फारसं मिळणार नव्हतं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

स्टेशनासमोरच्या गल्ल्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो. नशा करणारी माणसं तिथं सकाळी आठलाही फूटपाथवर बसलेली, आडवी झालेली दिसतात. कुणी अंगावर येत नाही, पण बघवत नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल तर सरळ समोर घुसण्यापेक्षा उजवीकडं वळून नदीकडं जावं. दहा मिनिटांत माइन नदीचा काठ लागतो. वाटेत एका बेकरीतून कॉफी आणि ब्रेझेल घेतलं. मावशीनं ते हातात धरून उलटसुलट केलं. "कडबोळं आहे हे, फक्त फुगलेलं." वरचं जाड मीठ तिनं नखानं खरवडून काढलं आणि उरलेलं मन लावून खाल्लं.

नदीकाठच्या त्या पट्ट्याला नीस म्हणतात, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या गावाचं नाव. दक्षिणेकडं तोंड असलेला, वाऱ्यापासून आडोसा मिळालेला हा काठ भोवतालच्या शहरापेक्षा उबदार असतो, म्हणून भूमध्य समुद्राकडची झाडं इथं जगतात. मला हे सगळं पाटीवरून कळलं. मावशीला झाडावरून कळलं. ती एकदम थांबली, एक पान उलटं करून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अंजीर!" सासवडच्या बाईला अंजीर ओळखायला पाटी लागत नाही. पान आमच्याकडच्यासारखंच खरखरीत, पंज्यासारखं, फळं अजून बोराएवढी हिरवी. पुरंदरच्या अंजिराचे दोन बहर, खट्टा आणि मीठा, यावर तिनं मला दहा मिनिटं ऐकवलं. समोर काचेचे टॉवर, खाली वल्हवत निघालेली पोरं, आणि मी खट्ट्या बहराला भाव का मिळत नाही ते ऐकतोय. यादीतली दोन ठिकाणं इथंच गळली. तक्रार नाही.

पुढं आयझर्नर श्टेग, म्हणजे लोखंडी साकव. फक्त पायी चालणाऱ्यांसाठीचा, १८६९ चा. कठड्याला प्रेमिकांनी लावलेली हजारो कुलुपं आहेत आणि ती बघायला लोक येतात. मला ती गोदामातल्या भंगारासारखी वाटतात. त्यांच्यापेक्षा मान वर करावी. पुलाच्या लोखंडी कमानीवर ग्रीक अक्षरांत एक ओळ आहे, होमरच्या ओडिसीतली. मद्याच्या रंगाच्या समुद्रावरून, परकी भाषा बोलणाऱ्या माणसांकडं जाताना, असा तिचा अर्थ. मावशीला ग्रीक येत नाही, पण गणितातला पाय तिनं ओळखला आणि मग अक्षर अक्षर लावत बसली. अर्थ सांगितल्यावर गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बॉस्टनला तीन महिने मी हेच केलं की."

"आणि पूल कधीचा म्हणालास?"

१८६९, मी पुन्हा म्हणालो. पण यावेळी पुढचंही सांगावं लागलं. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच तो उडवला, आणि १९४६ मध्ये तो पुन्हा उभा केला. "मग १८६९ चा कसा?" मी म्हणालो, म्हणतात तसं. शिक्षिकेला हे उत्तर पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुलावरून मागं येऊन शंभर-दोनशे पावलं चाललं की ऱ्योमरबेर्ग. फ्रँकफुर्टचं जे चित्र सगळीकडं छापतात ते इथलं. एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांच्या तीन शिखरांचं नगरभवन, १४०५ पासून शहराचा कारभार इथून चालतो. समोर लाकडी पट्ट्यांच्या नक्षीची उंच, चिंचोळी घरं. मध्ये न्यायदेवतेचं कारंजं. सकाळी नऊला चौक जवळजवळ रिकामा होता. तेवढी एक गोष्ट लांबच्या विमानप्रवासाची चांगली, की आपण जगाच्या आधी जागे असतो. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही. मावशीनं लगेच आपल्या सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या मूर्तीची आठवण काढली, तिचीही पट्टी २०२४ मध्ये निघाली. "यांच्याकडं आधीपासून उघडे होते वाटतं," ती म्हणाली, आणि लगेच जमिनीकडं बघून, "तरी काय उपयोग झाला."

कारण तिच्या पायाशी काशाची एक गोल तबकडी होती. १० मे १९३३ ला याच चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली, त्याची. त्यावर कवी हाइनेचं, त्या घटनेच्या शंभरावर वर्षं आधीचं वाक्य कोरलंय : जिथं पुस्तकं जाळतात तिथं शेवटी माणसंही जाळतात. आम्ही गेलो तोही मे महिनाच होता.

समोरच्या लाकडी घरांकडं बोट करून तिनं विचारलं, "आणि ही?"

इथं मला हसू आवरेना. ती घरं १९८० च्या दशकातली. म्हणजे मावशी नोकरीला लागल्यानंतरची. २२ मार्च १९४४ च्या रात्री दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जळून गेलं. मध्ययुगीन लाकडी घरांचा एवढा मोठा पुंजका जर्मनीत फार थोड्या ठिकाणी होता, आणि लाकूड ते लाकूडच. पुढं कित्येक वर्षं ही जागा रिकामी होती. मग जुन्या चित्रांवरून, नकाशांवरून घरं पुन्हा बांधली. त्यांच्यामागं तर आणखी गंमत आहे. कॅथेड्रलपर्यंतच्या पट्ट्यात १९७४ मध्ये महापालिकेच्या तांत्रिक विभागाची काँक्रीटची अवाढव्य इमारत उभी राहिली, ती लोकांना कधी आवडलीच नाही, शेवटी पाडली आणि त्या जागी २०१८ पर्यंत पस्तीस घरांचा 'नवा जुना' भाग तयार झाला. त्यातली पंधरा हुबेहूब पूर्वीसारखी, बाकीची नव्या हातची पण जुन्या मापाची.

मी हे सगळं सांगत होतो आणि मावशी एका भिंतीला हात लावून उभी होती. 'सोन्याचा तराजू' नावाचं घर. मूळ घर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एका निर्वासित डच माणसानं बांधलं, मसाल्याचा आणि मिठाईचा व्यापारी. कोपऱ्यावर सोनेरी तराजू धरलेला हात आहे. खाली लाल वालुकाश्म, वर कोरीव लाकूड, सगळं स्वच्छ, कडा धारदार. दगडाला ना तेलाचा डाग, ना पाठ टेकून टेकून आलेली चकाकी.

"माझ्या नातवापेक्षा थोडंसंच मोठं आहे हे घर," मावशी म्हणाली. तिचा बॉस्टनचा मोठा नातू पाच वर्षांचा.

मग तिनं मला नीट बघायला सांगितलं. भिंतीत काही दगड वेगळे होते. जरा काळपट, कडा झिजलेल्या. युद्धानंतर ढिगाऱ्यातून वाचलेले कोरीव दगड कुठं संग्रहालयाच्या गोदामात, कुठं कुणाच्या बागेत, घरात जाऊन पडले होते. नवं बांधताना त्यातले जे सापडले ते परत आणून भिंतींत बसवलेत. मला हे वाचून ठाऊक होतं, पण ओळखले तिनं, हातानं.

सासवडला मावशीच्या सासरचा वाडा होता. पुरंदऱ्यांच्यासारखा नव्हे, साधा, दोन चौकांचा. २००९ मध्ये तो पाडून तिथं इमारत झाली. सागवानी तुळया वखारवाल्यानं वजनावर नेल्या, दिंडी दरवाजा पुण्यातल्या एका हॉटेलात गेला असं ऐकलं. मावशीकडं त्या वाड्याची एक गोष्ट आहे : देवळीतला दगडी दिवा, तोही आता गॅलरीत, तुळशीच्या कुंडीला टेकू म्हणून. मला वाटलं ती आता काहीतरी हळवं बोलेल. ती म्हणाली, "इथं भाडं काय असेल रे?" आणि बाक शोधायला लागली.

लोक या भागाला डिस्नेलँड म्हणून नाकं मुरडतात. जुनं गेलं ते गेलं, त्याची नक्कल कशाला, असं. मी घरून निघालो तेव्हा माझंही थोडंफार तेच मत होतं. वर्षभर कुणी राहत नाही अशी सजावट असेल असं वाटलं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरून एक बाई दुलई झटकत होती आणि खाली कोंबडीबाजार नावाच्या छोट्या चौकात कारंज्याच्या कठड्यावर दोन पोरं चिप्स खात बसली होती. दुलई झटकली जात असेल तर मला चालतं.

कॅथेड्रल आम्ही बाहेरूनच पाहिलं. १५६२ पासून सम्राटांचे राज्याभिषेक इथं व्हायचे आणि बिशपची गादी इथं कधीच नव्हती, म्हणजे नावापुरतंच कॅथेड्रल. मनोऱ्याला तीनशेवर पायऱ्या. मावशीनं गुडघ्याकडं बघितलं, मी यादीकडं.

तिथून पूर्वेला सात-आठ मिनिटांवर बोर्नेप्लाट्झ. हे ठिकाण माझ्या यादीत नव्हतं, नकाशात शेजारी दिसलं म्हणून गेलो. मध्ययुगापासूनच्या ज्यू दफनभूमीला बाहेरून लांबच लांब भिंत आहे. भिंतीत ओळीनं धातूचे छोटे ठोकळे बसवलेत, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, भिंतीतून जरा पुढं आलेले. एका ठोकळ्यावर एक माणूस : नाव, जन्मतारीख, कुठं नेलं, कधी मेला. माहीत असेल तेवढंच. फ्रँकफुर्टमधून नेऊन मारलेल्या ज्यूंचे असे जवळजवळ बारा हजार ठोकळे आहेत. चालायला लागलं की संपत नाहीत. रस्त्यावरून ट्राम जाते, पलीकडं कुणीतरी गाडी लावतंय, आणि भिंत चालूच.

ठोकळे पुढं आलेले असल्यामुळं त्यांच्यावर खडा ठेवता येतो, आणि लोक ठेवतात. ज्यूंमध्ये कबरीवर फूल नाही, दगड ठेवायची रीत आहे. बहुतेक ठोकळे रिकामे होते. एकावर मात्र खड्यांची दाटी झाली होती, दोन खाली पडलेले. मावशीनं चष्मा वर करून वाचलं. ॲन फ्रँक.

"ही तर ॲमस्टरडॅमची ना?"

नाही, जन्म इथला, १२ जून १९२९. नाझी सत्तेवर आल्यावर कुटुंबानं शहर सोडलं तेव्हा चार वर्षांची होती. तिची डायरी मावशीनं मराठीतून वाचली होती आणि वर्गात पोरींना वाचून दाखवली होती. तिनं खाली वाकून, गुडघ्याला न जुमानता, एक खडा उचलला. मला वाटलं त्या ढिगावर ठेवेल. तिनं शेजारच्या रिकाम्या ठोकळ्यावर ठेवला. नाव तिला नीट वाचता आलं नाही, मलाही लावता आलं नाही. इथं तिनं 'हे कधीचं' असं विचारलं नाही. तारखा समोरच होत्या.

मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. भूक लागली होती आणि भूक लागल्याची थोडी लाज वाटत होती.

क्लाइनमार्कटहाले म्हणजे छतवाली मंडई. लांबट, दोन मजली, १९५४ ची. आधीची मंडई अर्थातच १९४४ ला गेली. शनिवार असल्यानं गर्दी. रविवारी हे बंद असतं, किंबहुना रविवारी शहरातली जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, तेव्हा तिकीट काढताना वार बघून घ्यावा. दारातच पांढऱ्या शतावरीचे ढीग, खडूच्या जाड कांड्यांसारखे. मे महिन्यात जर्मनांना याच्यापलीकडं काही सुचत नसावं. सॉसेजच्या एका गाळ्यासमोर वळसे घेत रांग लागली होती, मावशीनं तिला लांबून प्रदक्षिणा घातली आणि आम्ही भाजीवाल्यांकडं वळलो.

तिथं कागदात गुंडाळलेल्या पालेभाजीच्या जुड्या होत्या. ही फ्रँकफुर्टच्या हिरव्या सॉसची सामग्री. सात पाले, सातच, आणि ठरलेले. भाजीवालीनं एक जुडी उघडून दाखवली. मावशीनं परवानगी मागून एक पान तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "आंबट चुका." अगदी आपला नाही, पण भावकीतला. दुसरं, बारीक पानांचं, नाकाशी नेलं, चावलं, आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, हा हळीव आहे! हळिवाचा पाला!" तीन महिने ती लेकीसाठी हळिवाचे लाडू वळत होती, सासवडहून नेलेल्या दोन किलो हळिवाचे. लाडवांपलीकडं त्याची कोवळी रोपं खायची, हे तिच्या गावीही नव्हतं. उरलेल्या पाच पाल्यांत कांद्याच्या पातीची नाजूक बहीण होती, पार्सली होती, कोथिंबिरीच्या कुळातला बडीशेपेसारखा वास येणारा एक पाला होता, आणि एकाच्या पानांवर अशी लव की मावशी म्हणाली, हे खायचं की पुसायला घ्यायचं? ते बोराज निघालं. वासाला काकडीसारखं. भाजीवालीला मराठी येत नव्हतं, मावशीला जर्मन येत नव्हतं, आणि मला मध्ये पडायची कुणी गरज ठेवली नाही. हळिवाचं बी दुधात भिजवून, खोबरं-गूळ घालून लाडू कसे करतात हे मावशीनं हातवाऱ्यांनी सांगितलं. त्या बाईला काय समजलं देव जाणे, तिनं चुक्याची आणखी दोन पानं दिली.

तो सॉस मग शेजारच्या गल्लीतल्या एका साध्या खानावळीत खाल्ला. उकडलेले बटाटे, वर गार, दाट, हिरवा सॉस, सोबत उकडलेली अंडी. अंडी सॉसमध्येही कुस्करतात का ते आधी विचारून घ्यावं, काही ठिकाणी घालतात. इथं नव्हती. अंडी माझ्या ताटात आली, मावशीच्या ताटात जास्तीचे बटाटे. चव साधारण आंबट दह्यात कालवलेल्या कच्च्या पाल्याच्या कोशिंबिरीसारखी. तिनं ताट पुसून खाल्लं आणि म्हणाली, "मिरची घातली असती एखादी."

साडेबारा झाले होते. आता उरलं होतं तेच, ज्याच्यासाठी बाहेर पडलो होतो.

गटेचं घर चार मजली आहे आणि आत लाकडी जिना. मावशी एकेक पायरी चढत होती, पाट्या करकरत होत्या. तळमजल्यावर स्वयंपाकघरात हातपंप आहे, घरातच. त्या काळी बाकी लोक सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणायचे. पंपाच्या दांड्याकडं मावशी जेवढा वेळ बघत राहिली तेवढा कुठल्याही तैलचित्राकडं बघितला नाही. रस्त्याकडच्या बाजूनं लहानपणी गटेनं शेजारच्या मुलांनी चढवलं म्हणून घरातली मातीची भांडी एकेक करून बाहेर फेकून फोडली होती, हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. "गोकुळातलाच की!" वरच्या जिन्यापाशी मोठं खगोलीय घड्याळ आहे, सूर्यचंद्र दाखवणारं. गटे जन्मला २८ ऑगस्ट १७४९ ला, दुपारी बाराच्या ठोक्याला.

आणि मग अर्थातच, "हे कधीचं?"

मी जिन्यावरच सांगितलं. त्याच मार्चमध्ये हे घर पडलं. तारीख २२ मार्च, म्हणजे गटेची पुण्यतिथीही; तो २२ मार्च १८३२ ला गेला. सामान, पुस्तकं, चित्रं आधीच सुरक्षित हलवलेली होती, ती वाचली. घर १९५१ पर्यंत होतं तसं पुन्हा बांधलं. बांधू नये, जे घडलं त्याची जागा रिकामी ठेवावी, असं म्हणणारेही तेव्हा होते, आणि ते मूर्ख नव्हते. सकाळी मी त्यांच्या बाजूचा होतो. आता करकरणाऱ्या पायरीवर उभं राहून ठरवता येईना.

"म्हणजे घर माझ्या बरोबरीचं," मावशी म्हणाली. ती १९५५ ची. "गुडघेही माझ्यासारखेच वाजतात." आणि वर चढली.

सगळ्यात वरच्या मजल्यावर लिहायची खोली आहे. तिथं ती थांबली आणि मला म्हणाली, "त्या पहारेकऱ्याला विचार, शाकुंतल कुठं ठेवलंय."

तीस वर्षं तिनं प्रत्येक वर्गाला सांगितलं होतं, जसं तिला तिच्या गुरुजींनी सांगितलं आणि आपल्या सगळ्यांना कुणी ना कुणी सांगितलंय, की शाकुंतल वाचून गटे ते डोक्यावर घेऊन नाचला. नाचल्याचा पुरावा मला कुठं मिळालेला नाही. पण १७९१ मध्ये फोर्स्टरनं इंग्रजीवरून केलेलं जर्मन भाषांतर त्यानं वाचलं आणि चार ओळींची कविता लिहिली, वसंतातली फुलं आणि नंतरची फळं एकाच नावात हवी असतील तर शकुंतला म्हणावं, हे पक्कं. मावशीला त्या ओळींचं संस्कृत रूप पाठ आहे. पहारेकरी बाईंना मी विचारेपर्यंत तिनं खिडकीशी उभं राहून ते पुटपुटायला सुरुवातही केली होती, वासन्तं कुसुमं...

बाई पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा. त्यांनी माझा प्रश्न नीट ऐकून घेतला आणि हळुवारपणे सांगितलं की, गटेनं हे घर १७७५ मध्ये सोडलं. तो वायमारला गेला. शाकुंतल त्यानं वाचलं ते तिकडं.

मी मराठीत सांगितलं. मावशीनं श्लोक मध्येच थांबवला. खोलीभर एकदा बघितलं, टेबल, भिंतीवरची सावलीचित्रं, करकरणारी जमीन.

"म्हणजे नाचला असेल तर तिकडं."

"हो."

"लांब आहे?"

मी फोनवर बघितलं. "रेल्वेनं अडीच तास."

तिनं घड्याळाकडं पाहिलं. सव्वा वाजला होता. ओठ हलवत जाऊन-येऊनचा हिशोब केला, पुन्हा केला.

"व्हिसा कधीपर्यंत आहे म्हणालास?"

"तीन आठवडे. पण मावशी, विमान आज आहे."

"ते माहितेय रे मला," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत, जिना उतरायला लागली.